अंडं अडलं तर

आज आम्ही गटातल्या चौघी मिळून तुमच्याशी बोलणार आहोत. हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका. विषय आपल्या परसातला आहे: कोंबडी आणि तिच्या अंडी घालण्यातली दुखणी.

कोंबडीच्या आजाराचं बोलणं निघालं की सगळे मानमोडीवर बोलतात, देवीवर बोलतात. ते बरोबरच आहे, कारण त्या रोगांनी खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. पण एखादीच कोंबडी कोपऱ्यात बसून राहते, खात नाही, सारखी अंड्याच्या जागेवर जाऊन येते आणि अंडं काही पडत नाही, तिचं काय? घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "बसलीय, कापून टाका." आम्हाला एवढंच सांगायचं आहे की कापायच्या आधी तिला एक दिवस द्या. त्या एका दिवसात काय करायचं, ते आज सांगतो.

शेताचा सातबारा बहुतेक घरच्या पुरुषाच्या नावावर असतो. म्हशीच्या दुधाचा हिशेबही बऱ्याच घरांत तेच ठेवतात. कोंबडी मात्र आपली. अंड्याच्या पैशातून पोराची वही येते, गटाचा हप्ता भरला जातो, कधी कुणाला न विचारता स्वतःसाठी चार बांगड्या घेता येतात. चार कोंबड्यांतली एक गेली म्हणजे त्या पैशातला चौथा हिस्सा गेला. शिवाय जिला रोज हाताने दाणे टाकलेत, जी हाक मारली की पळत येते, ती गेली की चुटपुट लागते ती वेगळीच.

दुखणं कळायला आधी अंडं कसं तयार होतं ते कळलं पाहिजे. कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचा एकच अंडकोश काम करतो. तिथून पिवळा बलक सुटतो आणि अंड्याच्या नळीत येतो. ही नळी सरळ केली तर दोन फुटांच्या आसपास भरते. नळीत पहिल्या तीन-चार तासांत बलकाभोवती पांढरं जमतं. मग तासाभरात त्यावर पातळ पापुद्रा चढतो. त्यानंतर शेवटच्या पिशवीत कवच चढायला लागतात सुमारे वीस तास. म्हणजे एका अंड्याला जवळजवळ 25 तास लागतात आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ जातो कवचाला. हे कवच बरंचसं रात्री चढतं, कोंबडी खुराड्यात झोपलेली असते तेव्हा.

कवच म्हणजे चुनखडी. मोठ्या अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. आता हिशेब करा. 100 ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत कॅल्शियम एका ग्रॅमचा विसावा भागही नसतं. तांदळाच्या कणीत त्याहून कमी. म्हणजे नुसत्या दाण्यावर एका कवचापुरतं कॅल्शियम मिळवायचं तर कोंबडीला चार किलोच्या वर दाणे खावे लागतील. ती खाते दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम.

मग बाकीचं कुठून येतं? मोकळी फिरणारी गावठी कोंबडी किडे, वाळवी, कोवळा पाला, गोगलगायीची शिंपली, भिंतीचा चुना असं काही ना काही टिपून आणते. तेही कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडातून काढते. हाडं पोकळ होत जातात, पण अंडं चालू राहतं. घरादाराचं झाल्यावर उरलं तर खाणाऱ्या बाईचं जे होतं, तेच तिचं होतं. काही दिवस निभतं. मग एक दिवस अंडं मऊ पडतं, कोंबडी लंगडते, नाहीतर अंडं आतच अडतं.

अडण्यामागे कॅल्शियमचा हात का, तर कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही. अंडं बाहेर ढकलायला नळीचे स्नायू आवळावे लागतात आणि त्या आवळण्यालाही कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की कवच पातळ होतं आणि ढकलायची ताकदही जाते. याशिवाय आणखी कारणं आहेत. पहिलटकरीण तलंग, जिची जागा अजून नीट सुटलेली नाही. दोन बलकांचं मोठं अंडं. मका आणि शिळा भात खाऊन चरबी चढलेली कोंबडी. पोटात जंत. उन्हाळ्यात पाणी कमी पडणं. आणि म्हातारपण.

आता ओळखायचं कसं? अंडं अडलेली कोंबडी ताठ उभी राहते, शेपटी खाली, मान आत ओढलेली, पिसं फुगवलेली. अंड्याच्या जागेवर जाते, बसते, उठते, पुन्हा जाते. कण्हल्यासारखी जोर लावते. शेपटी खालीवर हलते. खात नाही. विष्ठा थांबते, नाहीतर थोडी थोडी पाण्यासारखी होते. हलक्या हाताने तिला उचला आणि शेपटीखाली, दोन टोकदार हाडांच्या मध्ये, बोटांच्या टोकांनी अलगद चाचपा. टणक गोल गोळा लागला तर अंडं तिथेच आहे. अंडं मऊ कवचाचं असेल तर गोळा लागणार नाही, पण बाकीची लक्षणं हीच असतात. कधी कधी आतलं अंडं नसेवर दाबतं आणि कोंबडीचे पाय लुळे पडतात. मग घरचे म्हणतात, "लकवा मारला." प्रत्येक वेळी लकवा नसतो.

खुडूक कोंबडीही बसूनच राहते, पण तिचा फरक चटकन कळतो. खुडूक कोंबडी जवळ गेलं की अंग फुगवून ओरडते, चोच मारते. तिच्या डोळ्यांत तेज असतं. अडलेली कोंबडी मलूल असते, हात लावला तरी विरोध करत नाही.

मागच्या शिमग्याच्या सुमाराला आमच्या गटातल्या एका मावशींची ढवळी अशीच बसली. सुधारित जातीची, पहिल्या वर्षाची, रोज अंडं देणारी. दुपारी मावशींच्या ध्यानात आलं की सकाळपासून ती चार वेळा पाटीत जाऊन आली आणि पाटी रिकामी. घरी पाहुणे यायचे होते, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांची नजर होती. मावशींनी तिला पदराखाली घेतलं आणि थेट आमच्याकडे आल्या. पुढे आम्ही जे केलं, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी, तिला वेगळं करा. बाकीच्या कोंबड्या आजारी कोंबडीला टोचतात. डालग्याखाली किंवा खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवा. लहान पोरांना लांब ठेवा. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते.

दुसरी पायरी, कोमट पाण्याचा शेक. घमेल्यात पाणी घ्या. बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढंच कोमट. कोपर बुडवून बघा. पाणी कोंबडीच्या पोटापर्यंत यावं, पाठ आणि डोकं कोरडं राहावं. तिला दोन्ही हातांनी धरून 15 ते 20 मिनिटं बसवा. सुरुवातीला फडफडते, मग पाण्याच्या उबेने सैल पडते. कित्येक कोंबड्या त्यातच डोळे मिटतात. पाणी गार होऊ देऊ नका.

तिसरी पायरी, कोरडं करणं आणि ऊब. जुन्या सुती कापडाने नीट पुसा. ओली कोंबडी गारठली तर दुसरंच दुखणं लागतं. अंड्याच्या वाटेच्या तोंडाशी बोटाने थोडं खाण्याचं तेल किंवा खोबरेल लावा, तेही बाहेरूनच. मग डालग्यात गवतावर ठेवून शेजारी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा.

चौथी पायरी, पाणी आणि कॅल्शियम. चिमूटभर गूळ टाकलेलं पाणी समोर ठेवा. पीत नसेल तर चोचीच्या कडेला बोटाने थेंब थेंब लावा. चोच उघडून घशात ओतू नका, पाणी श्वासनळीत जातं. जनावरांच्या दवाखान्यात कॅल्शियमचं पातळ औषध मिळतं. ते किती द्यायचं ते कोंबडीचं वजन सांगून डॉक्टरांना विचारा. गाईची मात्रा अंदाजाने कोंबडीला देऊ नका. पानाला लावायचा चुना तर मुळीच चाटवू नका, तो तोंड आणि आतडं भाजतो.

त्यानंतर तास-दोन तास तिला एकटी सोडा. दर पाच मिनिटांनी डालगं उचलून बघू नका. अंडं आलं नाही तर पुन्हा एकदा शेक द्या. ढवळीला आम्ही दोनदा शेक दिला. दिवेलागणीला अंडं पडलं. कवच इतकं पातळ होतं की बोटाने दबत होतं. दुसऱ्या दिवशी ती दाणे टिपायला लागली, पण पुढचे तीन आठवडे तिने अंडं दिलं नाही आणि मावशींनीही घाई केली नाही.

आता जे करायचं नाही ते ऐका. पोट दाबून अंडं बाहेर काढू नका. बोट किंवा काडी घालून ओढू नका. अंडं आत फोडू नका. अंडं फुटलं तर कवचाच्या धारदार कडांनी नळी फाटते, आतला बलक पोटात सांडतो, पू होतो आणि कोंबडी हमखास जाते. घरातली तापाची किंवा माणसांची जंतुनाशक गोळी कुटून देऊ नका.

दवाखान्यात कधी न्यायचं? एक दिवस उलटून गेला आणि अंडं आलं नाही तर. चोच उघडी टाकून श्वास घेत असेल, तुरा काळानिळा पडला असेल किंवा पाय लुळे पडले असतील तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टर कॅल्शियमचं किंवा नळी आवळायचं इंजेक्शन देऊ शकतात, अंडं सुरक्षित काढू शकतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. "एका कोंबडीसाठी फोन कसा करू?" असं काही जणींना वाटतं. करा, बाई. सरकारी दवाखाना कोंबडीचाही आहे. जाताना तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कोंबडीचं वय, शेवटचं अंडं कधी दिलं आणि रोज काय खाते. डॉक्टरांनी औषध दिलं तर न विसरता विचारा, "हिची अंडी किती दिवस खायची नाहीत?" औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडं आपल्याच लेकरांच्या ताटात जातं.

दुसरं दुखणं, अंग बाहेर येणं. जोर लावून लावून, किंवा फार मोठं अंडं आल्यावर, आतली लाल-गुलाबी पिशवी बाहेर लोंबते. इथे तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचायला धावतात आणि आतडी ओढून काढतात. म्हणून दिसताक्षणी तिला उचला. कोमट पाण्यात थोडं मीठ घालून तो भाग धुवा. हात साबणाने धुतलेले आणि नखं कापलेली हवीत. सूज जास्त असेल तर साखर पाण्यात कालवून तिचा दाट लेप पाच-दहा मिनिटं लावा. साखर सूज ओढून घेते. मग धुऊन, तेलाच्या बोटाने, अगदी हलकेच आत सारा. आत गेलं तरी पुन्हा येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. काही दिवस अंधाऱ्या जागी ठेवा आणि खुराक कमी द्या, म्हणजे अंडी थांबतात आणि जागा भरून येते. बाहेर आलेला भाग काळा पडला असेल किंवा टोचून फाटला असेल तर घरी काही करू नका.

तिसरं दुखणं बरं होणं अवघड. बलक नळीत न जाता पोटात पडतो आणि तिथे सडतो. कोंबडीचं पोट फुगतं, पाणी भरल्यासारखं लागतं, ती बदकासारखी पाय फाकवून चालते, अंडी बंद होतात, वरून छाती मात्र हाडकुळी होत जाते. लवकर दाखवलं तर औषधाने काही कोंबड्या तरतात, पुष्कळ तरत नाहीत. डॉक्टरांनी आशा नाही सांगितलं तर तिला आठवडा-आठवडा तळमळत ठेवण्यात माया नाही. पण एक लक्षात ठेवा, अशी कोंबडी शिजवून खायची नाही. आजारी पाखराचं मटण ताटात नको. खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरून टाका. आणि एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, आधी दवाखान्यात कळवा.

आता हे सगळं होऊच नये म्हणून काय करायचं? खर्च फार नाही.

शिंपल्याचा चुरा ठेवा. कोंबडीखाद्याच्या दुकानात तो मिळतो. नदीकाठच्या बाया शिंपले वेचून कुटतात, कोकणातल्या मैत्रिणी तिसऱ्या-कालवांची कवचं भाजून कुटतात. त्यात शेकडा 38 भाग कॅल्शियम असतं. रोज अंडं देणाऱ्या सुधारित कोंबडीला दिवसाला सुमारे 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे साधारण 10 ग्रॅम चुरा. गावठीला त्याहून कमी पुरतो. फार बारीक पूड करू नका, जाडसर ठेवा. जाड कण पोटातल्या खडे ठेवायच्या पिशवीत रात्रभर राहतात, हळूहळू विरघळतात आणि नेमके कवच चढायच्या वेळी कामाला येतात. म्हणून चुरा संध्याकाळी द्या. वेगळ्या करवंटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. लहान पिलांच्या दाण्यात मात्र मिसळू नका. जास्त कॅल्शियमने पिलांची मूत्रपिंडं बिघडतात.

घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात. धुवा, उन्हात वाळवा, तव्यावर भाजा आणि कुटा. अंड्याचा आकार राहील अशी टरफलं टाकू नका, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते.

नुसत्या दाण्यावर ठेवू नका. शेवग्याचा पाला, मेथी-राजगिऱ्याची देठं, पेंड आणि वाळवी द्या. ऊन लागलं पाहिजे. उन्हाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. दिवसभर डांबलेल्या कोंबडीला निदान सकाळचं ऊन मिळू द्या. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्या. मानमोडीची लस चुकवू नका. त्या रोगातून वाचलेल्या कोंबडीची अंडी पुढे वाकडीतिकडी, पातळ कवचाची येऊ शकतात.

चैत्र-वैशाखात जास्त जपा. उकाड्यात कोंबडी धापा टाकते. त्या धापांतून कवचाला लागणारा वायू अंगाबाहेर जातो, म्हणून उन्हाळ्यातली अंडी पातळ येतात. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा बदला.

शेवटी एक गोष्ट विश्रांतीची. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. वर्षाची तिची अंडी 50 ते 80 भरतात. सुधारित जातीची याच्या दुप्पट-तिप्पट देते आणि खुडूक क्वचितच बसते. म्हणून अडण्याची दुखणी तिच्यात जास्त. खुडूक बसणं, पिसं झाडणं, थंडीत दिवस लहान झाल्यावर अंडी कमी होणं हे आजार नाहीत. त्या काळात ती आपली झीज भरून काढते. खुडूक मोडायला नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे प्रकार बंद करूया. उबवायला ठेवायचं नसेल तर खालची अंडी काढून घ्या आणि तिला तीन-चार दिवस हवेशीर पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवा. आपोआप उठते.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन कामं करावीत. गटात किती कोंबड्या अंड्यावर आहेत ते वहीत लिहा आणि सगळ्यांचा मिळून शिंपल्याचा चुरा एकदम आणा, स्वस्त पडतो. दुसरं, एका घरी सगळ्यांसाठी सामान ठेवा: एक घमेलं, धुतलेली सुती कापडं, तेलाची बाटली, डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियम मात्रेच्या चिठ्ठीसकट, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात दवाखान्याचा नंबर. म्हणजे कुणाची कोंबडी बसली तर तिला सुरीकडे न्यायच्या आधी न्यायला एक घर असेल.

तुमच्या गावात यावर आणखी काही उपाय करत असतील तर केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या वेळी ते तुमच्याच आवाजात ऐकवू. ढवळी आता पुन्हा अंड्यावर आहे, एक दिवसाआड देते. मावशींचं तेवढ्यावर भागतं.

येतो आम्ही. नमस्कार.